रॅली: किऑस बेटावरचे एक आडनाव वऱ्हाडापर्यंत कसे पोहोचले

अकोला जिल्ह्यातील एका वाचकांनी विचारले आहे की, त्यांचे पणजोबा 'रॅली ब्रदर'कडे कापसाच्या काट्यावर कामाला होते असे घरात सांगतात, आणि गावातल्या कृषी केंद्रात आजही 'रॅलीज'ची औषधे मिळतात. तर हे आडनाव इंग्रजांचे, पारशांचे की आणखी कुणाचे? आज या आडनावाची माणसे कुठे राहतात? आणि सिंधी लोक ज्या गोधडीला 'रल्ली' म्हणतात तिच्याशी याचा काही संबंध आहे का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचे उत्तर एका ओळीत संपते. सिंध-राजस्थानाकडची रल्ली म्हणजे रंगीत तुकडे एकत्र जोडून शिवलेली गोधडी. मिसळणे, एकत्र करणे या अर्थाच्या तिकडच्या क्रियापदावरून तो शब्द आला असून त्याचा या आडनावाशी काडीचाही संबंध नाही. मराठीत मोर्चाला आपण जी 'रॅली' म्हणतो तीही वेगळी, इंग्रजी शब्दातून आलेली. मी गेली पंचवीस वर्षे आडनावांचा आणि वंशावळींचा शोध घेण्याचे काम करतो. या एका आडनावाच्या शोधात गोधड्या आणि मोटारींच्या शर्यती सतत आडव्या येतात, म्हणून हा निचरा आधी करून टाकलेला बरा.

आडनाव ग्रीक आहे. ग्रीक रूप 'रालिस', आघात पहिल्या अक्षरावर, लिहिताना 'ल' दोनदा. पश्चिम युरोपात गेलेल्या व्यापाऱ्यांनी शेवटचा 'स' गाळून 'राली' असे लिहायला सुरुवात केली. पूर्व भूमध्य समुद्रातल्या व्यापारात इटालियन भाषेचा मोठा वापर होता आणि ईकारान्त आडनाव त्या भाषेच्या वळणात सहज बसते. इंग्रजांच्या तोंडी 'रा'चा 'रॅ' झाला आणि आपण तो इंग्रजांकडून घेतला. 'रॅलीज' मधला शेवटचा 'ज' इंग्रजी वळणाचा आहे. मूळ ग्रीक रूपाच्या शेवटी 'स' होता हा निव्वळ योगायोग मानावा.

आता उगमाकडे. आपल्याकडे 'कर' लागलेले आडनाव ऐकले की आपण लगेच गाव शोधतो, तशी ग्रीक आडनावांची शेपटे प्रदेश सांगतात. 'आकिस' ऐकले की क्रीट बेट आठवावे, 'ओपुलोस' ऐकले की दक्षिणेचा पेलोपोनीज, 'आतोस' म्हणजे केफालोनिया, 'ओग्लू' असेल तर आशिया मायनरचा तुर्की शेजार. रालिस या नावाला असे एकही शेपूट नाही, आणि जुन्या आडनावांच्या बाबतीत ही गोष्ट नेहमी लक्ष वेधून घेते. सर्वमान्य मत असे की हे नाव मुळात ग्रीक नव्हतेच. 'राउल' या नॉर्मन (म्हणजे मूळ उत्तर फ्रान्समधल्या लढवय्यांच्या) व्यक्तिनामाचे ते ग्रीक जिभेवर बदललेले रूप आहे. राउल हे जुन्या जर्मानिक भाषेतले नाव, त्यातला पहिला भाग 'सल्ला' या अर्थाचा आणि दुसरा 'लांडगा' या अर्थाचा. इंग्रजीतला राल्फ हा त्याचाच सख्खा भाऊ. अकराव्या शतकाच्या अखेरीस दक्षिण इटलीतल्या नॉर्मन सरदारांनी बायझंटाइन साम्राज्यावर (कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे आजचे इस्तंबूल, राजधानी असलेल्या ग्रीकभाषी साम्राज्यावर) स्वाऱ्या केल्या आणि त्यांच्यापैकी काही जण पुढे सम्राटाच्याच चाकरीत शिरले. सम्राट पहिला अलेक्सिओस (राज्यकाल १०८१ ते १११८) याच्या दरबारापासून ही प्रक्रिया दिसते. दोन-तीन पिढ्यांत ही घराणी भाषेने, धर्माने आणि सोयरिकीने पूर्ण ग्रीक झाली.

ती किती ग्रीक झाली याचा एक नमुना देतो. तेराव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलमध्ये थिओडोरा राउलेना नावाची विदुषी होऊन गेली. सम्राट आठव्या मायकेल पालिओलोगोसची ती भाची. मामाने, म्हणजे सम्राटाने, रोमच्या चर्चशी जी एकी केली तिला तिने विरोध केला आणि त्यापायी हालही सोसले. प्राचीन ग्रीक ग्रंथांच्या नकला ती स्वतःच्या हाताने करीत असे. तिच्या नावातले 'राउलेना' म्हणजे राउलची बायको. 'एना' हे प्रत्ययाचे काम. नॉर्मन लढवय्याचे नाव दोनशे वर्षांत ग्रीक पोथ्या उतरवणाऱ्या बाईच्या नावात असे मुरले होते. पुढे पंधराव्या शतकात पेलोपोनीजमध्ये मिस्त्राच्या आसपास 'रालिस' हे रूप दिसते. तुर्कांनी तो प्रदेश घेतल्यावर या नावाची काही माणसे व्हेनिसच्या फौजेत आणि इटलीतल्या विद्वानांच्या वर्तुळात जाऊन पोहोचली. म्हणजे हे आडनाव परदेशी गेले ते एकदाच नव्हे, आणि पहिल्यांदा तर मुळीच व्यापारासाठी नव्हे.

इथे एक सावधगिरी. व्यापारी रॅली घराणे किऑस बेटाचे (ग्रीक उच्चार हिओस). ते स्वतःला या बायझंटाइन घराण्याचे वंशज समजत आले. ते खरे असूही शकेल, परंतु घराण्याचा अभिमान आणि घराण्याचा कागद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वंशावळ लिहिताना मी किऑसवरच्या ज्या पिढीचे कागद हाती लागतात तिथून वर जात नाही. त्यापुढचे सारे 'घराण्यात सांगतात' या सदरात घालतो. आपल्याकडे शिसोदियांपासून परमारांपर्यंत मुळे नेणाऱ्या वंशावळी ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

किऑस हे तुर्कस्तानच्या किनाऱ्याला जवळजवळ टेकलेले बेट. १५६६ पर्यंत ते जिनोआच्या व्यापाऱ्यांच्या ताब्यात होते, नंतर उस्मानी साम्राज्यात गेले. मस्तकी हा सुगंधी डिंक फक्त त्याच बेटाच्या दक्षिण भागातल्या झाडांपासून नीट मिळतो आणि सुलतानाच्या जनानखान्यात त्याला मोठी मागणी असे, त्यामुळे बेटाला बऱ्याच सवलती होत्या. तिथल्या व्यापारी घराण्यांची नावे लंडनच्या कागदपत्रांत एकत्रच भेटतात: रॅली, रोडोकानाकी, आर्जेंती, स्किलिझी, स्कारामांगा, पेट्रोकोकिनो, माव्रोगोर्दातो. ही मंडळी आपापसांतच लग्ने करीत आणि एकमेकांनाच कर्ज देत. एका घराण्याची वंशावळ काढायला बसलो की दुसऱ्या आठवड्यात बाकीच्या सहांचीही काढावी लागते, हा माझा अनुभव.

१८२२ च्या वसंतात, ग्रीक स्वातंत्र्ययुद्ध चालू असताना, उस्मानी फौजांनी या बेटावर कत्तल केली. हजारो माणसे मारली गेली, हजारो गुलाम म्हणून विकली गेली, प्रमुख घराण्यांतल्या ओलिसांना फाशी दिले. देलाक्रवा या फ्रेंच चित्रकाराचे १८२४ चे प्रसिद्ध चित्र याच प्रसंगावरचे. किऑसच्या आडनावांचा जगभरचा पसारा या कत्तलीमुळे झाला असे सर्रास लिहिले जाते. हे अर्धेच खरे आहे. जॉन (झानिस) रॅलीने लंडनमध्ये पेढी घातली ती १८१८ मध्ये, म्हणजे कत्तलीच्या चार वर्षे आधी. मार्सेय, लिव्होर्नो, कॉन्स्टँटिनोपल आणि ओडेसा इथे किऑसच्या मंडळींचे बस्तान त्याही आधीपासून बसत होते. जे आधीच बाहेर होते ते तगले आणि कत्तलीतून सुटलेल्यांना त्यांनी आपल्या पेढ्यांत सामावून घेतले. कत्तलीमुळे परतीची वाट बंद झाली. बाहेरची वाट व्यापाराने आधीच पाडलेली होती.

पेढी पाच भावांची: जॉन, ऑगस्टस, पांडिया, टुमाझिस आणि युस्ट्राटिओस. ओडेसाचा गहू, कॉन्स्टँटिनोपलची पेठ, मार्सेय, लंडन आणि मँचेस्टरचे कापड हे सारे भावाभावांत वाटलेले होते. लंडनची सूत्रे पांडियाकडे. त्याचा दरारा असा की व्यापारी वर्तुळात त्याला 'झ्यूस' म्हणत. जॉन ओडेसाला गेला आणि तिथे अमेरिकेचा वाणिज्यदूत झाला. एका ग्रीक माणसाने रशियन बंदरात अमेरिकेचा वकील म्हणून बसावे यावरून ही घराणी कशी राहत होती याची कल्पना येईल.

या आडनावाचा माग काढताना एक गोष्ट मराठी वाचकाला इंग्रज संशोधकापेक्षा लवकर समजते. किऑसच्या रिवाजाप्रमाणे पहिल्या मुलाला आजोबांचे नाव द्यायचे आणि मधले नाव बापाचे ठेवायचे. या पाच भावांच्या वडिलांचे नाव स्टीफन. म्हणून त्यांच्यातला ऑगस्टस हा 'ऑगस्टस स्टीफन रॅली', आणि त्याचा मुलगा 'स्टीफन ऑगस्टस रॅली' (१८२९ ते १९०२), जो पुढे पेढीचा प्रमुख झाला. या स्टीफनच्या मुलाचे नाव पुन्हा ऑगस्टस. इंग्रज कारकून याला नुसते मधले नाव समजून सोडून देतो आणि मग एकाच शहरातले चार स्टीफन रॅली त्याच्या वहीत एकमेकांत मिसळतात. आपण मात्र नाव, वडिलांचे नाव, आडनाव हे रोजच लिहितो. ज्याला 'माधव गोविंद' आणि 'गोविंद माधव' हे बापलेक आहेत हे सांगावे लागत नाही, त्याला रॅली घराण्याची वंशावळ निम्मी आधीच कळलेली असते.

शेवटचा उल्लेखलेला ऑगस्टस इटन शाळेत शिकत असताना १८७२ मध्ये वारला. लंडनच्या दक्षिणेला वेस्ट नॉरवुडची दफनभूमी आहे. तिथे ग्रीक समाजाने १८४२ मध्ये आपल्यासाठी एक वेगळा भाग घेतला. त्या भागात स्टीफनने या मुलासाठी प्राचीन ग्रीक देवळाच्या घाटाचे प्रार्थनामंदिर बांधले. पुढे दोरिक खांब, वर त्रिकोणी शिखरपट्टी, आणि सभोवती तीच सहा-सात आडनावे पुन्हा पुन्हा कोरलेल्या कबरी. इंग्लंडमधल्या ग्रीक आडनावांवर काम करणाऱ्याला मी नेहमी सांगतो की खानेसुमारीची पाने नंतर उलटा, आधी हे दगड वाचा. ज्यांच्यावर ग्रीक मजकूर आहे तिथे नाव मूळ रूपात मिळते आणि शेजारी कोण पुरले आहे यावरून सासर-माहेर कळते.

आता भारत. कलकत्त्यात रॅलींची कचेरी १८५१ मध्ये उघडली. मुंबईत ते १८६० च्या दशकाच्या आरंभी आले, आणि त्याचे कारण उघड आहे: १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते, तिथला कापूस अडकला होता आणि लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेल तिथला कापूस हवा होता. १८६५ मध्ये मुंबईतला शेअरांचा फुगा फुटला तेव्हा भल्याभल्यांचे दिवाळे निघाले. रॅलींच्या पेढीचा नियम मात्र असा की सट्टा करायचा नाही, माल उगमाशी जाऊन विकत घ्यायचा. त्यामुळे बंदरात बसून दलालाची वाट पाहण्याऐवजी ते आतल्या बाजारांत उतरले. वऱ्हाडातला कापूस घेणाऱ्या परदेशी पेढ्यांत एक स्विस व्होल्कार्ट आणि दुसरे हे रॅली, ही दोन नावे आपल्याकडच्या जुन्या जिनिंग-प्रेसिंगच्या आठवणींत जोडीने येतात. तुमच्या पणजोबांचा काटा या साखळीतली शेतकऱ्याच्या सर्वात जवळची कडी होता: गाडीतला कापूस तोलला जायचा, जिनात सरकी निघायची, प्रेसमध्ये गाठी बांधल्या जायच्या आणि गाठीवर पेढीचा शिक्का बसायचा. आडनाव म्हणून नव्हे, शिक्का म्हणून 'रॅली' हा शब्द वऱ्हाडात शिरला.

इथून माझ्या उत्तराचा मुख्य मुद्दा सुरू होतो. 'हे आडनाव आज कुठे आढळते' या प्रश्नाची दोन उत्तरे असतात, एक माणसांचे आणि एक पाट्यांचे, आणि रॅलींच्या बाबतीत पाट्या माणसांच्या फार पुढे निघून गेल्या आहेत. भारतात या नावाची मोठी कंपनी आहे. १९४८ मध्ये ती भारतीय कंपनी म्हणून नोंदली गेली आणि आज ती टाटा समूहात आहे, परंतु तिच्या नावावरून इथे रॅली कुटुंबे शोधायला जाल तर हाती काही लागणार नाही. कलकत्त्यात कालीघाटचे ग्रीक चर्च आणि फुलबागानची ग्रीक दफनभूमी आहे, एवढीच या समाजाची ठळक खूण. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर होव्ह इथे 'रॅली हॉल' नावाची इमारत आहे, ती स्टीफन रॅलीच्या स्मरणार्थ त्याच्या कुटुंबाने १९१३ मध्ये बांधली. पुढे ते ज्यू समाजाचे केंद्र झाले. उरुग्वेत, चिलीत, स्पेनमध्ये आणि इस्राएलमध्ये 'राली' नावाची कलासंग्रहालये आहेत. ती पाहून कुणी दक्षिण अमेरिकेत या घराण्याची शाखा कल्पिली तर ती शुद्ध चूक ठरेल, कारण त्यांचे संस्थापक हॅरी रेकानाती हे थेस्सालोनिकीच्या ज्यू कुटुंबातले, आणि संग्रहालयांना मिळालेले नाव त्यांच्या हाती एकेकाळी आलेल्या रॅली पेढीचे आहे. इतकेच काय, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एका दोनचाकी घोडागाडीलाही इंग्रजीत 'रॅली कार' म्हणत, तीही तिच्या पहिल्या गिऱ्हाइकाच्या आडनावावरून.

माणसांकडे वळलो की चित्र लहान पण स्वच्छ होते. ग्रीसमध्ये हे आडनाव 'रालिस' या पूर्ण रूपात नांदते आहे. दिमित्रिओस रालिस, त्यांचे पुत्र इओआनिस आणि नातू जॉर्जिओस अशा एकाच घरातल्या तीन पिढ्या पंतप्रधान झाल्या. इओआनिस १९४३-४४ मध्ये जर्मन ताब्यातल्या सरकारचे प्रमुख होते आणि ते नाव तिथे आजही कडवटपणे घेतले जाते. जॉर्जिओस १९८०-८१ मध्ये पंतप्रधान असताना ग्रीस युरोपीय समुदायात शिरला. हे घराणे आणि लंडनचे व्यापारी एकच, असे आडनावावरून गृहीत धरू नये. ग्रीसमध्येच आणखी एक फसगत होते. पुरुष 'रालिस' असेल तर त्याची बहीण किंवा मुलगी 'राली' लिहिते, कारण स्त्रियांची आडनावे षष्ठीच्या रूपात येतात. तेव्हा अथेन्समध्ये 'राली' सापडली म्हणून ती लंडनच्या शाखेची ठरत नाही, ती बाई आहे एवढेच ठरते. १९८३ च्या कायद्यानंतर तिथे बाईचे माहेरचे आडनाव लग्नानंतर बदलत नाही, ही गोष्ट शोधणाऱ्याच्या पथ्यावर पडते.

ब्रिटनमध्ये 'रॅली' लिहिणारी कुटुंबे मोजकीच उरली आहेत. पांडेली रॅली १८७५ ते १८८५ या काळात पार्लमेंटात होता, लुकस रॅलीला १९१२ मध्ये बॅरोनेट ही पदवी मिळाली. पण पुढच्या पिढ्यांत मुलींची लग्ने इंग्रज घरांत झाली आणि रक्त पसरले तरी आडनाव आटले. मार्सेयची गोष्ट याहून फार वेगळी नाही. रुमानिया-मोल्दोवाकडची रॅली मंडळी वेगळ्याच वाटेने, कॉन्स्टँटिनोपलच्या ग्रीक अधिकारीवर्गाबरोबर तिकडे गेली. मोल्दोवातल्या दोल्ना गावात झम्फिर रॅली या जमीनदाराच्या वाड्यात कवी पुश्किन राहिला होता आणि त्या घरात आज त्याचे संग्रहालय आहे. त्याच घराण्यातल्या पुढच्या एका क्रांतिकारकाने 'आर्बोरे' हे आडनाव लावले, म्हणजे तिथेही नाव मिटले ते माणूस मेल्यामुळे नव्हे. अमेरिका, कॅनडा आणि ऑस्ट्रेलियात मात्र 'स' असलेले 'रालिस' भेटतात. त्यांतले बहुतेक विसाव्या शतकात पोटासाठी गेलेल्यांचे वंशज, किऑसच्या सावकारांचे नव्हेत. ढोबळ कसोटी म्हणून मी हेच वापरतो: परदेशात 'स' गळलेला असेल तर जुने व्यापारी स्थलांतर, 'स' टिकलेला असेल तर नवे. कसोटीला अपवाद आहेत, पण सुरुवात करायला ती पुरते. सिसिलीत 'राल्लो' आडनाव आहे म्हणून तेही याच झाडाला टांगण्याचा मोह होतो. कागद हाती आल्याशिवाय तसे करू नये.

तुमच्या पणजोबांपुरते शेवटचे. त्यांच्या दाखल्यावर किंवा पगाराच्या कागदावर साहेबाची सही असेल, तर ती रॅलीची असण्याची शक्यता फार कमी आहे. घराण्यातले लोक लंडनला बसत. सुरुवातीच्या दशकांत इथल्या कचेऱ्यांचे वरिष्ठ साहेब बहुधा दुसरे ग्रीक असत, पुढे इंग्रज आले. सही 'इस', 'ओस' किंवा 'ई' वर संपत असेल तर ती पूर्ण अक्षरशः उतरवून घ्या, आणि मधले अक्षर विशेष जपून उतरवा. ते त्या साहेबाच्या बापाचे असेल आणि किऑसपर्यंत जायला मला तेवढेच लागेल. कागदावर शिक्का असेल तर त्याचाही फोटो काढा, पण कागद सरळ उन्हात धरू नका, जुनी शाई उडते.